राजभाषेचा तह आणि सभागृहाची ताकद

गोव्याच्या राजभाषा कायद्यात मराठीला कोकणीच्या बरोबरीचे स्थान मिळाले पाहिजे, ही मागणी २०२५ पासून पुन्हा नेटाने मांडली जात आहे. सुभाष वेलिंगकर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या मराठी राजभाषा निर्धार समितीने तिच्यासाठी मेळावे घेतले, निवेदने दिली. कोकणीच्या बाजूने तितक्याच तीव्र प्रतिक्रिया उमटल्या. रोमी लिपीतील कोकणीला कायद्यात जागा हवी, असे म्हणणारा तिसरा गटही स्वस्थ बसलेला नाही. विधानसभेची निवडणूक २०२७ च्या आरंभी अपेक्षित असल्याने तिन्ही बाजूंच्या मागणीचा रोख साहजिकच पर्वरीच्या सभागृहाकडे वळलेला आहे.

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर हे काम अवघड नाही. राज्यघटनेच्या कलम ३४५ प्रमाणे राज्यात वापरात असलेल्या भाषांपैकी एक किंवा अधिक भाषा शासकीय कामकाजासाठी स्वीकारण्याचा अधिकार राज्य विधिमंडळाला आहे. त्यासाठी दोन-तृतीयांश बहुमताची अट नाही, केंद्राची पूर्वसंमती नाही. चाळीस आमदारांचे सभागृह पूर्ण भरलेले असेल, तर एकवीस हात वर होताच दुरुस्ती संमत होऊ शकते. हा सोपेपणा अनेकांना आश्वासक वाटतो. मला तो काळजीचा वाटतो. कारण ज्या कायद्यात ही दुरुस्ती करायची तो एखाद्या सचिवाने टेबलावर बसून लिहिलेला साधा प्रशासकीय कायदा नव्हे. तो एका संघर्षाच्या शेवटी झालेला तह आहे, आणि त्या तहाची किंमत सात माणसांनी प्राण देऊन मोजलेली आहे.

त्या दीड वर्षाकडे आज पुन्हा पाहणे आवश्यक आहे. १९८५ च्या जुलै महिन्यात लुइझिन फालेरो यांनी कोकणी ही एकमेव राजभाषा व्हावी यासाठी विधानसभेत खासगी विधेयक आणले. सभागृहाने ते फेटाळले. खासगी विधेयके फेटाळली जाण्यात नवल काहीच नसते. बहुतेकांच्या नशिबी तेच असते. परंतु या विधेयकामागे एका समाजगटाची वर्षानुवर्षांची साठलेली अपेक्षा उभी होती. साहित्य अकादमीने १९७५ साली कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली होती, आणि तेव्हापासून पुढची पायरी कोणती, हा प्रश्न विचारला जात होताच. सभागृहाने त्या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर दिले आणि विषय संपला असे मानले. विधेयक चिकित्सा समितीकडे सोपवणे शक्य होते, दोन्ही बाजूंची सुनावणी घेणे शक्य होते, निदान सरकार स्वतःचे विधेयक अमुक मुदतीत आणील एवढे आश्वासन देणे तरी शक्य होते. यांपैकी काही न होता विषय सभागृहातून बाहेर पडला आणि रस्त्यावर आला.

रस्त्यावर त्याची वाट पाहणारी माणसे होतीच. पुरुषोत्तम काकोडकर, उदय भेंब्रे, चर्चिल आलेमाव, फालेरो अशा परस्परांहून अगदी भिन्न स्वभावांच्या आणि भिन्न राजकारणांच्या मंडळींना एकत्र आणून 'कोकणी प्रजेचो आवाज' ही संघटना उभी राहिली. समोर मराठी राजभाषा प्रस्थापन समिती होती आणि तिच्यामागेही केवळ साहित्यिकांचे नव्हे, गावोगावच्या भजनी मंडळांचे, प्राथमिक शाळांतील शिक्षकांचे, बहुजन समाजातील वाचकांचे बळ होते. दोन्ही बाजूंच्या भावना खऱ्या होत्या. मराठीतून शिकलेल्या, मराठीतून देवाचे नाव घेणाऱ्या आणि घरात कोकणी बोलणाऱ्या माणसाला 'तुझी भाषा कोणती' असा एकेरी प्रश्न विचारणेच मुळात अन्यायाचे होते. पण चळवळींना एकेरी प्रश्नच सोयीचे असतात.

१९८६ च्या डिसेंबरात या ताणाचा स्फोट झाला. झाडे तोडून रस्त्यांवर आडवी टाकण्यात आली, वाहतूक तुटली, जाळपोळ झाली, गोळीबार झाला. त्या काळाला यादवी म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु यादवीची जी पूर्वचिन्हे इतिहासात सांगितली जातात, त्यांतील काही त्या पंधरवड्यात गोमंतकाने पाहिली. भाषेचा वाद धर्माच्या रेषेवर सरकू लागला. उत्तरेचा माणूस दक्षिणेत जायला कचरू लागला. एकाच गावात पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलेली घरे एकमेकांकडे संशयाने पाहू लागली. तिसवाडी आणि सासष्टी यांच्यामधले अंतर नकाशावर तासाभराचेही नाही. त्या दिवसांत ते फार मोठे झाले होते.

अखेर ४ फेब्रुवारी १९८७ रोजी विधानसभेने गोवा, दमण व दीव राजभाषा विधेयक संमत केले. देवनागरी लिपीतील कोकणी ही राजभाषा झाली. मराठीचा वापर 'सर्व किंवा कोणत्याही शासकीय प्रयोजनांसाठी' करता येईल अशी तरतूद झाली. दमण व दीवसाठी गुजरातीची सोय करण्यात आली. पुढे चार महिन्यांच्या आत, ३० मे रोजी, गोवा हे भारतीय संघराज्यातील पंचविसावे राज्य झाले. भाषेचा प्रश्न निकाली काढा, मग राज्याचे बोलू, हा दिल्लीचा संकेत त्या तडजोडीमागे होता, हे तेव्हाही कोणापासून लपलेले नव्हते.

या कायद्याची भाषा बारकाईने वाचण्यासारखी आहे. 'राजभाषा' हा शब्द केवळ कोकणीला मिळाला. मराठीला तो शब्द मिळाला नाही, पण ज्या प्रयोजनांसाठी राजभाषा वापरायची ती सर्व प्रयोजने मिळाली. शब्द एकाला आणि व्यवहार दोघांना, अशी ही वाटणी होती. कोकणीवादी घरी जाऊन 'आम्ही जिंकलो' म्हणू शकले. मराठीवादी 'आम्ही काही गमावले नाही' असे म्हणू शकले. मराठीतून आलेल्या पत्राला मराठीतूनच उत्तर द्यावे, असे धोरण सरकारने स्वीकारले. व्याकरणाच्या शिक्षकाने असे संदिग्ध वाक्य लाल शाईने खोडले असते. राज्यकर्त्यांनी ते जाणूनबुजून संदिग्ध ठेवले, आणि माझ्या मते त्यांनी योग्य केले. ज्या वाक्याचे दोन अर्थ निघतात त्या वाक्याखाली दोन पक्षांना सही करता येते.

या तहात रोमी लिपीच्या वाट्याला मात्र काही आले नाही. आंदोलनात रस्त्यावर उतरलेल्यांपैकी कित्येक जण जी लिपी वाचत होते, ज्या लिपीत तियात्रांची पुस्तके आणि चर्चची नियतकालिके छापली जात होती, ती कायद्याच्या व्याख्येतून वगळली गेली. तेव्हा एकीसाठी हे मुकाट्याने सोसले गेले. आजचा तिसरा गट त्या मुकेपणाची थकबाकी मागतो आहे, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

येथे एक गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवत नाही. १९८५ साली विधेयक फेटाळणारे आणि १९८७ साली विधेयक संमत करणारे सभागृह एकच होते. तेच आमदार, तेच मुख्यमंत्री प्रतापसिंह राणे. मधल्या दीड वर्षात कोणतीही निवडणूक झाली नव्हती. ज्या तोडग्यावर ते १९८७ च्या फेब्रुवारीत पोहोचले, तो १९८५ च्या जुलैमध्ये त्यांच्या बुद्धीच्या पलीकडचा होता असे मानायला जागा नाही. मधल्या काळात बदलले ते एवढेच की सात घरांतली माणसे गेली. सभागृहाने अखेर संघर्ष शमवला, हे श्रेय त्याला द्यावेच लागेल; पण तो वेळीच टाळण्याची संधीही त्याच सभागृहाच्या हातून निसटली होती.

आता त्याच्याही मागे वीस वर्षे जाऊ. विलीनीकरणाचा वाद भाषावादापेक्षा अधिक मूलभूत होता, कारण त्यात गोवा राहणार की नाही, हाच प्रश्न होता. १९६३ च्या डिसेंबरातील पहिल्या निवडणुकीत तीस जागांच्या विधानसभेत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष आणि त्याचे सहकारी मिळून सोळा होते. युनायटेड गोवन्सचे बारा. भाऊसाहेब बांदोडकरांच्या पक्षाने मते मागितली होती ती विलीनीकरणाच्या नावावर. तेव्हा सभागृहात ठराव करून गोवा महाराष्ट्रात विलीन करावा, हे त्यांच्या दृष्टीने जनादेशाचे पालन होते, आणि १९६५ च्या जानेवारीत तसा ठराव झालाही. विरोधी पक्षनेते डॉ. जॅक सिक्वेरा यांचे म्हणणे असे की, सरकार निवडण्यासाठी दिलेले मत आणि राज्याचे अस्तित्व संपवण्यासाठी दिलेले मत या दोन गोष्टी एक नव्हेत. एका काठावरच्या बहुमताने असा निर्णय होऊ नये; लोकांना थेट विचारावे.

दिल्लीने शेवटी हे म्हणणे उचलून धरले. १९६६ च्या डिसेंबरात संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. त्याच महिन्याच्या आरंभी बांदोडकर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला होता, कारण सत्तेवर असलेले सरकार एका बाजूचे असताना कौल निःपक्ष होणार नाही, असा विरोधकांचा आक्षेप होता. हा राजीनामा खुशीचा होता की दबावाचा, यावर वाद घालता येईल. पण सोळा आमदारांचे बहुमत पाठीशी असलेला नेता, ज्या प्रश्नासाठी आपण सत्तेत आलो त्याच प्रश्नाचा निकाल लागेपर्यंत खुर्ची सोडून उभा राहतो, हे दृश्य आपल्या राजकारणात नंतर क्वचितच दिसले. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. फूल म्हणजे विलीनीकरण आणि दोन पाने म्हणजे संघप्रदेश. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, विरोधात १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा.

त्याहून बोलका आहे तो पुढचा अध्याय. मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि विलीनीकरण नाकारणाऱ्या त्याच मतदारांनी बांदोडकरांना पुन्हा सत्तेवर बसवले. हरलेल्या पक्षाला राजकारणात जागा उरली. कौलात पराभूत झालेला गट सभागृहात विजयी होऊन परतल्यामुळे त्याला रस्त्यावर येण्याचे कारणच राहिले नाही. आज आपण जनमत कौलाचा दिवस अस्मिताय दिन म्हणून साजरा करतो. पण गोव्यात शांतता टिकली त्यात मार्चच्या निवडणुकीचा वाटा जानेवारीच्या कौलाइतकाच मोठा आहे, असे मला वाटते.

वाटाघाटीने यादवी टाळण्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रयत्न मात्र एका दूरच्या सीमावर्ती राज्याच्या विधिमंडळाने केला होता आणि तो फसला. १८६१ च्या जानेवारीत अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने सर्व राज्यांना शांतता परिषदेचे निमंत्रण धाडले. गुलामगिरीच्या प्रश्नावर दक्षिणेतील राज्ये एकामागून एक संघराज्यातून फुटत होती. व्हर्जिनिया दोहोंच्या सीमेवर. युद्ध झाले तर ते आपल्याच अंगणात होणार, हे त्या आमदारांना पुरते ठाऊक होते. ४ फेब्रुवारी १८६१ रोजी वॉशिंग्टनच्या विलर्ड हॉटेलात परिषद भरली. (गोव्याचा राजभाषा कायदाही ४ फेब्रुवारीचाच, योगायोग, एवढेच.) माजी राष्ट्राध्यक्ष जॉन टायलर अध्यक्षस्थानी होते आणि एकवीस राज्यांचे प्रतिनिधी जमले होते. जवळजवळ महिनाभर खल करून त्यांनी घटनादुरुस्तीचा मसुदा तयार केला. सिनेटमध्ये त्याला सात मते मिळाली आणि विरोधात अठ्ठावीस. एप्रिलमध्ये तोफा धडाडल्या, आणि परिषद बोलावणारे व्हर्जिनियाच फुटून निघाले. अध्यक्ष टायलरही फुटणाऱ्यांच्या बाजूला गेले.

ही परिषद का फसली याची अनेक कारणे इतिहासकार देतात. आपल्यापुरती दोन पुरेशी आहेत. जी सात राज्ये आधीच फुटली होती त्यांचा एकही प्रतिनिधी तेथे नव्हता. म्हणजे ज्यांच्याशी तह करायचा तेच गैरहजर. आणि दुसरे, अधिक महत्त्वाचे. ज्यांच्या आयुष्याचा सौदा त्या टेबलावर चालला होता, त्या लक्षावधी गुलामांना तेथे आवाज असण्याचा प्रश्नच नव्हता. तो तह झाला असता तरी न्याय्य झाला नसता. वाटाघाट या शब्दाला आपण सहजच पवित्र मानतो. टेबलावर कोण बसले आहे आणि टेबलाखाली कोण चिरडले जात आहे, हे पाहिल्याशिवाय तसे मानू नये.

आपल्या काळात हीच गोष्ट मणिपूरमध्ये घडली. साठ आमदारांचे सभागृह, त्यात चाळीस खोऱ्याचे आणि वीस डोंगराळ भागाचे. ३ मे २०२३ ला हिंसाचार सुरू झाला. काही दिवसांतच कुकी-झो समाजाच्या दहा आमदारांनी स्वतंत्र प्रशासनाची मागणी केली; त्यांतले सात सत्ताधारी भाजपचेच होते. त्यानंतर विधानसभेची बैठक झाली ती २९ ऑगस्टला, म्हणजे जवळजवळ चार महिन्यांनी, एका दिवसासाठी. आणि तीही गोंधळात तासाभराच्या आत गुंडाळली गेली. हे दहा आमदार इंफाळला आलेच नाहीत. येणे त्यांना सुरक्षित वाटत नव्हते. पुढच्या फेब्रुवारीत त्या सभागृहाने कुकी संघटनांबरोबरचा शस्त्रसंधीचा करार रद्द करावा असा ठराव एकमताने केला. एकमत सहज झाले, कारण विरोध करणारे सभागृहात नव्हते. अडीचशेहून अधिक बळी आणि सुमारे साठ हजार विस्थापित अशी मोजदाद झाल्यावर ९ फेब्रुवारी २०२५ रोजी मुख्यमंत्री एन. बिरेन सिंह यांनी राजीनामा दिला आणि चार दिवसांनी राष्ट्रपती राजवट आली. घटनेच्या कलम ३७१-सी मध्ये मणिपूरच्या डोंगराळ भागातील आमदारांची स्वतंत्र समिती सांगितली आहे. संवादाचे दालन राज्यघटनेनेच बांधून दिलेले होते. त्याचा दरवाजा वेळेवर उघडला गेला नाही.

एकमताच्या ठरावांबद्दल मला अलीकडे शंका येऊ लागली आहे, याचे एक कारण आपल्या शेजारीच आहे. २०२२ च्या डिसेंबरात बेळगावच्या प्रश्नावर कर्नाटक विधिमंडळाने एकमताने ठराव केला की, एक इंचही जमीन देणार नाही. पाच दिवसांनी महाराष्ट्र विधिमंडळाने तितक्याच एकमताने ठराव केला की, ८६५ गावांची इंच-इंच जमीन घेणार. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा. दोन्ही सभागृहांत टाळ्या पडल्या. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी माणसाच्या रोजच्या तक्रारी, म्हणजे कार्यालयातील कागद, शाळेतील शिक्षक, दुकानावरची पाटी, त्या दोन्ही ठरावांच्या दरम्यान कोठेतरी पडून राहिल्या.

प्रस्तुत लेखक मूळचा तिगावचा आहे. गोमंतकीय वाचकाला हे नाव ऐकून माहीत असण्याचे कारण नाही. पांढुर्ण्याहून इटारसीकडे निघाले की रेल्वेमार्गावर लागणारे, संत्र्यांच्या पट्ट्यातले हे गाव मध्य प्रदेशात आहे आणि घराघरांत मराठी बोलते. पांढुर्णा आणि सौंसर हा सारा टापूच तसा आहे. २०२३ साली त्याचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. गोव्यातील राजभाषेच्या वादाकडे मी पाहतो ते थोडे या गावाच्या वेशीवरून.

कारण आमची मराठी एके काळी राजभाषा होती. जुन्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती आणि तेथल्या विधानसभेने १९५० साली केलेल्या कायद्याने हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषा शासकीय भाषा ठरल्या होत्या. एका सभागृहात दोन भाषांचे आमदार बसत होते, आणि कारभाराची भाषा कोणती, या प्रश्नाला त्यांनी 'दोन्ही' असे सरळ उत्तर दिले होते. सहा वर्षे हे चालले. मग १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा आणि त्यातला सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूख नव्या मध्य प्रदेशात राहिला. राजधानी भोपाळला गेली. १९५७ च्या राजभाषा कायद्यात हिंदी आली आणि मराठी उरली नाही. त्यासाठी दंगल झाली नाही, कोणी झाडे तोडून रस्त्यावर टाकली नाहीत. नकाशा बदलला, सभागृह बदलले, आणि ज्या सभागृहात आमच्या भाषेचे संख्याबळ होते तेच आमच्यासाठी नाहीसे झाले. तिगावात आजही लग्नपत्रिका मराठीत निघते आणि सात-बाराऐवजी खसरा-खतौनी हिंदीत मिळते. याची खंत करणारे आता फारसे उरलेले नाहीत, कारण खंत कोणाकडे करायची, हेच ठाऊक नसते.

त्याच पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. मधोमध पात्रात रोवलेले पळसाचे झाड आणि त्यावरचा झेंडा. आणि दोन्ही काठांवरून दिवसभर दगडांचा वर्षाव. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात; आजवर बळीही गेले आहेत. दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, जमावबंदीचे आदेश काढून पाहिले. शांतता समितीच्या बैठका तर दरवर्षी होतात. त्या बैठकीत दोन्ही काठांची प्रतिष्ठित मंडळी संयमाचे आवाहन करतात, चहा घेतात आणि उठतात. पोळा येतो, पाटा पडतो. या बैठकांना काय कमी पडते? तेथे बसलेल्यांना दगड मारणाऱ्यांनी निवडलेले नसते आणि तेथे झालेला निर्णय कोणालाही बांधत नाही. विधानसभा आणि शांतता समिती यांत फरक असेल तर तो हाच, आणि गोव्याजवळ पहिली गोष्ट आहे, हे गोव्याने कमी लेखू नये.

आता प्रश्न उरतो तो पर्वरीत पुढे काय व्हावे, हा. मराठीच्या पदवीधराला मराठीची बाजू पटते, हे सांगायची गरज नसावी. मराठीला राजभाषा हा शब्द मिळाला तर मला आनंदच होईल. परंतु तो शब्द निवडणुकीच्या तोंडावर एका दुपारी, एकवीस विरुद्ध एकोणीस अशा मतांनी मिळाला, तर त्याची किंमत पुढच्या सरकारपुरतीच राहील. पुढचे एकवीस तो काढून घेऊ शकतात. १९८७ चा कायदा चार दशके टिकला तो कोणाच्या बहुमतावर नव्हे. दोन्ही बाजूंना तो मोडण्यापेक्षा पाळणे अधिक सोयीचे होते म्हणून टिकला. त्याला हात लावायचा तर तितक्याच रुंद पायावर उभे राहून लावावा लागेल.

दरम्यान त्या कायद्यात मराठीला जे मिळाले आहे त्याचा हिशेब मागायला कोणाची हरकत आहे? सरकारी खात्यांकडे मराठीतून किती अर्ज आले, त्यांपैकी कितींना मराठीतून उत्तर गेले, कोणत्या खात्यात मराठी जाणणारा अनुवादक आहे आणि कोणत्या खात्यात ते पद रिकामे आहे, हे प्रश्न कोणताही आमदार प्रश्नोत्तराच्या तासाला विचारू शकतो. तेच कोकणीबाबतही विचारता येईल, कारण प्रत्यक्षात सचिवालयातील फाईल अजूनही प्रामुख्याने इंग्रजीतच फिरते. राजभाषेवर भांडणाऱ्या दोन बहिणींच्या घरात तिसरीच बाई किल्ल्या सांभाळत बसली आहे, हे दृश्य गंमतीचे खरे, पण २०११ साली इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचा निर्णय झाला तेव्हा मराठी आणि कोकणी भाषाप्रेमी एकाच मांडवात बसले होते, हेही लोकांच्या स्मरणात आहे. त्या मांडवात जमलेल्यांपैकी बरेच जण आज समोरासमोर उभे आहेत.

दुरुस्तीचे विधेयक कोणत्याही बाजूने येवो, ते मांडल्याच्या दिवशी संमतही होऊ नये आणि फेटाळलेही जाऊ नये. ते चिकित्सा समितीकडे जावे. समितीत मराठी, कोकणी आणि रोमी लिपी या तिन्ही बाजूंचे आमदार असावेत; पेडणे, डिचोली, सत्तरीपासून सासष्टी, काणकोणपर्यंत तालुकानिहाय सुनावणी व्हावी; आणि अहवाल निवडणुकीनंतरच्या सभागृहासमोर यावा. या सूचनेला 'वेळकाढूपणा' म्हटले जाईल. १९८५ च्या जुलैमध्ये असा वेळ काढला गेला असता, तर काय झाले असते, याचे उत्तर देण्यासाठी त्या काळातले बरेच साक्षीदार सुदैवाने अजून आपल्यात आहेत, आणि समितीने पहिली साक्ष त्यांचीच घ्यावी. शुक्रवार हा विधानसभेत खासगी कामकाजाचा दिवस असतो. येत्या अधिवेशनातील एखाद्या शुक्रवारी हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर कोणाच्या नावाने येतो आणि सरकारी बाकांवरून त्याला पहिले उत्तर कोणत्या शब्दांत मिळते, हे आता पाहायचे आहे.